सत्तरीचे निराधार आजोबा, वय वर्षे त्रेचाळीस

मुख्यालयातून ईमेल आला की अहवालराव आधी त्याची लांबी बघत. दोन पानांचा असेल तर काम काहीच नाही, नुसतं “वाचले” म्हणून कळवायचं. दोन ओळींचा असेल तर महिनाभर मान मोडली म्हणून समजायचं. हा त्यांचा सव्वीस वर्षांचा अनुभव होता. त्या सोमवारचा ईमेल दीड ओळीचा होता.

“सर्व कार्यालयांनी आपापला डिजिटल ठसा महिनाअखेरपर्यंत आवरावा. जबाबदार व्यक्तीचे नाव आजच कळवावे.”

अहवालराव हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. परदेशातल्या एका मोठ्या विकास संस्थेच्या शाखेत ते नोकरीला होते. विहिरी खणायच्या, शाळांना नळ जोडून द्यायचे, पूर आला तर पांघरुणं वाटायची, असली कामं ही संस्था करी. म्हणजे करणारे दुसरे असत. ते झालं असं लिहिण्याचं काम यांच्याकडे. सव्वीस वर्षांत त्यांनी इतके अहवाल लिहिले होते की कार्यालयात, गल्लीत आणि शेवटी शेवटी सासुरवाडीतही त्यांना सगळे अहवालराव म्हणू लागले. एकदा बँकेतल्या बाईंनी खऱ्या नावाने हाक मारली, तर ते मागे वळून कोण आहे ते बघायला लागले.

संचालकबाईंनी ईमेल दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

“अहवालराव, ठसे, शिक्के सगळे तुमच्याच कपाटात असतात ना?”

“शिक्के असतात. पण हा ठसा वेगळा दिसतोय.”

“असू दे. कपाट तुमचं, ठसा तुमचा. मी नाव कळवून टाकते.”

कार्यालयीन आयुष्याचा हा नियमच आहे. कपाटाची किल्ली एकदा ज्याच्या खिशात गेली, त्याच्या मागची पीडा निवृत्तीपर्यंत सुटत नाही.

दोन दिवसांनी सविस्तर सूचना आल्या तेव्हा कळलं की ठसा म्हणजे शाखेने गेल्या वीस वर्षांत इंटरनेटवर जे जे करून ठेवलं ते सगळं. संकेतस्थळं, पानं, चित्रफिती, फोटो. त्यातलं आपलं कुठलं, चाव्या कुणाकडे, ठेवायचं काय, पुसायचं काय, याची यादी करायची. अहवालरावांच्या हिशोबाने अशा गोष्टी दोन होत्या. एक संकेतस्थळ आणि एक पान. गुरुवारी दुपारपर्यंत उरकेल म्हणून त्यांनी शुक्रवारची रजा टाकली.

त्यांची लेक ग्रंथालयशास्त्र शिकत होती. यादी म्हटलं की तिच्या अंगात येई. ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली आणि संध्याकाळच्या चहापर्यंत दोनाचे सदतीस झाले.

“बाबा, तुम्ही लोक काम करायचात की नुसती संकेतस्थळं काढायचात?”

प्रत्येक देणगीदार संस्थेला आपल्या प्रकल्पाचं वेगळं संकेतस्थळ हवं असे. विहिरीचं वेगळं, त्याच विहिरीच्या पंपाचं वेगळं. प्रकल्प संपला की माणसं निघून जात आणि संकेतस्थळ मागे राही, लग्नघरातल्या मांडवासारखं. अकरा पानांचे पासवर्ड एका अभियंत्याकडे होते. तो आता दुसऱ्या नोकरीत होता, आणि सगळे पासवर्ड त्याने पहिल्या बायकोच्या नावावर रचले असल्यामुळे दुसरी घरात असेपर्यंत फोनवर सांगायला तयार नव्हता. “हात धुवा” मोहिमेचा पत्ता नूतनीकरण न झाल्याने भलत्याच कुणाच्या हातात गेला होता आणि तिथे टकलावर लावायचं तेल विकायला होतं. वर संस्थेचं बोधचिन्ह मात्र तसंच.

अहवालराव हे सगळं वहीत उतरवून घेत होते. एकाएकी लेकीने पडदा थोडा त्यांच्याकडे वळवला, थोडा परत फिरवला, आणि शेवटी वळवलाच.

“बाबा, हे तुम्ही का हो?”

फोटो होता. ओल्या पायरीवर एक माणूस बसलेला. खांद्यावरून पांघरूण, दाढी वाढलेली, केस कपाळाला चिकटलेले, हातात पत्र्याचा कप, नजर कुठे तरी लांब. जगात आपलं कुणी उरलं नाही हे ज्याला नुकतंच कळलंय, अशी. खाली मजकूर होता: “सत्तरीचे निराधार आजोबा. पुराने घर नेले, माणसे नेली. उरली ती फक्त प्रतीक्षा.”

अहवालरावांना पायरी लगेच ओळखू आली. चौदा वर्षांपूर्वीचा पूर, शाळेतली मदत छावणी. तीन दिवस ते पांघरुणं मोजत होते. त्यांची गाडी चिखलात रुतली होती, सदरा भिजला होता, म्हणून मोजलेल्यातलंच एक पांघरूण घेऊन ते पाच मिनिटं चहा प्यायला बसले होते. मुख्यालयाचा फोटोवाला समोर आला तेव्हा त्यांना वाटलं, संस्थेच्या वार्तापत्रात छापणार. “कर्तव्यदक्ष कर्मचारी” वगैरे. पुढे वर्षभर ते प्रत्येक वार्तापत्र शेवटच्या पानापर्यंत चाळत होते.

आणि प्रतीक्षा म्हणाल तर ती होती, पण गाडी ओढायला येणाऱ्या ट्रॅक्टरची.

“मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो,” ते म्हणाले. घर नेलं, माणसं नेली, हे ते एक वेळ सोसू शकत होते. सत्तरी सोसवेना.

तेवढ्यात बायको कणकेचे हात घेऊन बाहेर आली. तिने वाकून फोटो पाहिला, मजकूर पाहिला, आणि खुर्ची ओढून बसली.

“निराधार? अहो, मग मी कोण?”

“अगं, ते माझं वर्णन आहे. तुझा उल्लेख नाही.”

“उल्लेख कसा नाही? ‘माणसे नेली’ म्हटलंय की! म्हणजे मी वाहून गेले. पोरगीही गेली. आणि तुम्ही बसलाय चहा पीत.”

फोटो चौदा ठिकाणी होता. फलकांवर होता, दिनदर्शिकेवर होता, एका चित्रफितीत त्यावर व्हायोलिन होतं. खाली जगभरच्या लोकांनी लिहिलं होतं. “या आजोबांना कुणी तरी जवळ घ्या.” “यांचे डोळे मला झोपू देत नाहीत.” बायकोने हे वाक्य दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, “यांचं घोरणं मला झोपू देत नाही, तेही लिहा.”

बातमी फुटायला वेळ लागला नाही. लेकीने एका मैत्रिणीला विश्वासात घेतलं, मैत्रिणीने आईला, आणि दुसऱ्या सकाळी इमारतीच्या ग्रुपवर फोटो आला तो जोडलेल्या हातांच्या चित्रासकट. तळमजल्यावरच्या आजी काठी टेकत वर आल्या. त्यांनी एक जुना लोकरी स्वेटर दिला आणि म्हणाल्या, “संकोच करू नकोस रे. आपल्याच माणसांत कसला संकोच?” आजी ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. स्वेटर घेऊन अहवालराव दारातच उभे राहिले. खरं सांगावं तर स्वेटर उबदार होता.

वरच्या मजल्यावर कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार राहत. सल्ला न मागता देणारी माणसं बरीच असतात. हे सल्ला देऊन वर तो मागितल्याचं कबूल करवून घेत.

“अहवालराव, पहिला मुद्दा. फोटोतला इसम तुम्हीच कशावरून?”

“मीच आहे. दिसतोय की.”

“दिसणं हा पुरावा नव्हे. त्या वेळचं पांघरूण आहे का?”

“ते वाटलं.”

“घालवलात पुरावा! आता लेखी अर्ज करा. तीन प्रती. आणि कुठेही रागावू नका. रागावलेला माणूस कागदावर नेहमी खोटा दिसतो.”

अहवालरावांनी फोटो काढून टाकावा असा अर्ज केला, न रागावता. त्यावर मुख्यालयातून व्हिडिओ कॉल आला. तिथे डिजिटल समन्वयक म्हणून एक तरुण मुलगी होती. सुदैवाने आपल्या भाषेत बोलणारी, आणि दुर्दैवाने नियम तोंडपाठ असणारी.

“सर, फोटो काढून टाकण्याची विनंती फक्त फोटोतली व्यक्ती करू शकते.”

“तो मीच.”

“पण सर, फोटोतली व्यक्ती लाभार्थी आहे आणि तुम्ही कर्मचारी आहात.”

“तेच तर सांगतोय. तो लाभार्थी नाहीच.”

“म्हणजे मोहिमेत चुकीची माहिती गेली, असं तुम्ही अधिकृतपणे कळवताय का? मग ते दुसऱ्या विभागाकडे जाईल. तिथे चौकशी बसते. आणि चौकशी संपेपर्यंत फोटो पुरावा म्हणून जिथे आहे तिथेच ठेवावा लागतो.”

“किती दिवस चालते चौकशी?”

“मागची सहा वर्षं चालली, सर. अजून चालू आहे.”

संचालकबाई शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी आवाज बंद करण्याचं बटण दाबलं आणि हळूच म्हणाल्या, “अहवालराव, पाच मिनिटं लाभार्थी व्हा ना. कुणाचं काय बिघडतंय?”

सव्वीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केलेल्या माणसाला पाच मिनिटं निराधार व्हायला सांगणं सोपं असतं. व्हावं त्याला लागतं. अहवालराव झाले. समन्वयक मुलीने संमती मागे घेण्याचा फॉर्म उघडला. तो लाभार्थ्याला सावकाश, सोप्या शब्दांत वाचून दाखवायचा असा नियम होता. फॉर्मवर सगळं आपोआप भरून येत होतं, त्यामुळे तिलाही इलाज नव्हता.

“आजोबा, तुम्हाला ऐकू येतंय का?”

“येतंय.”

“तुम्हाला लिहिता-वाचता येतं का?”

हा फॉर्म नऊ वर्षांपूर्वी अहवालरावांनीच लिहिला होता. “प्रश्न आदराने विचारावा” ही कंसातली सूचनासुद्धा त्यांचीच होती, आणि बिचारी मुलगी ती तंतोतंत पाळत होती.

“थोडं थोडं,” ते म्हणाले.

फोटो काढून टाकायचं ठरलं. अहवालरावांनी सुस्कारा टाकला आणि तिथेच घात झाला. कारण एका फोटोची संमती मागे घेतली गेली की त्या मोहिमेतल्या सगळ्याच फोटोंची संमती तपासायची, असाही एक नियम होता. उरलेले फोटो अठरा. संमतीपत्र एकाचंही सापडेना. “आता तुम्ही जबाबदार व्यक्ती आहात, सर,” मुलगी म्हणाली. आजोबांचे पुन्हा सर झाले होते, पण त्याचं सुख वाटलं नाही.

मग अहवालराव अठरा फोटोंचे कागद पिशवीत घालून हिंडू लागले. त्यांच्या वयाच्या माणसाने कशासाठी हिंडावं याच्या काही मर्यादा असतात. चौदा वर्षांत माणसं गाव सोडून गेली होती, काही जग सोडून गेली होती. एक बाळ होतं ते आता मिशा फुटलेलं निघालं आणि “मला फोटोत कपडे का नाहीत?” म्हणून अंगावर आलं. एका म्हातारबाबांनी फोटो ओळखला, पण तो त्यांच्या भावाचा होता आणि भावाशी त्यांचं बोलणं नव्हतं. रोज संध्याकाळी अहवालराव घरी येऊन पाय कोमट पाण्यात सोडून बसत. बायको काही विचारत नसे. एकदाच म्हणाली, “आता मात्र तुम्ही फोटोतल्यासारखे दिसायला लागलात.”

अकरावा फोटो एका बाईचा होता. चिखलात उभी, पदर तोंडाशी, डोळे लाल. खाली लिहिलं होतं: “सर्वस्व गमावलेली विधवा. मागे काही उरले नाही.” पाठीमागे शाळेच्या भिंतीचा तुकडा दिसत होता, म्हणून अहवालरावांनी शाळेत फोन लावला. कारकून फोटो पाहून म्हणाला, “अहो, या तर आमचे गणवेश शिवतात. बसथांब्यामागे दुकान आहे.”

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन शिलाई मशीनं, भिंतीला निळ्या कापडाचे गठ्ठे, टोकाला इस्त्रीचं टेबल. इस्त्री करणाऱ्या गृहस्थांनी त्यांना बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं.

“बाई बटणं आणायला गेल्यात, येतीलच. काय काम होतं?”

अहवालरावांनी कागद काढला. गृहस्थांनी इस्त्री उभी करून ठेवली, कागद हातभर लांब धरला आणि मोठ्याने वाचला. “सर्वस्व गमावलेली...” ते थांबले. पुढचा शब्द त्यांनी आधी मनात वाचला असावा. “विधवा?”

“हो. म्हणजे तसं लिहिलंय.”

“मी त्यांचा नवरा.”

अहवालरावांच्या हातात पाण्याचा पेला होता. तो कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना. पूर्वी अनेक अहवालांत त्यांनी “परिस्थिती अनपेक्षित वळणावर आली” असं लिहिलं होतं. ते म्हणजे काय ते आज समजलं.

“तुम्ही... नंतर...?”

“नंतर कसलं? लग्नाला एकतीस वर्षं झाली. या फोटोच्या वेळी मी तिथेच होतो. तुमच्या फोटोवाल्याच्या डोक्यावर छत्री कुणी धरली होती?”

तेवढ्यात बाई आल्या. हातात बटणांच्या पुड्या, गळ्यात टेप. नवऱ्याने कागद पुढे केला. “बघ गं, मी चौदा वर्षांपूर्वी वारलोय.”

बाईंनी कागद घेतला. त्या हसतील असं अहवालरावांना वाटलं होतं, निदान तशी आशा होती. त्या हसल्या नाहीत.

“हे कुणी लिहिलं?”

अहवालरावांना म्हणता आलं असतं की मुख्यालयाने लिहिलं. खरं तर मुख्यालयाने फोनवर एवढंच सांगितलं होतं, की एखाद्या एकट्या स्त्रीची गोष्ट हवी, तासाभरात हवी. फोटोत बाई एकटी दिसत होती. विचारायला जायचं तर छावणीच्या दुसऱ्या टोकाला, चिखलातून. ते गेले नव्हते. कोरड्या वर्गात बाकावर बसून त्यांनी तिला विधवा केलं होतं, आणि वाक्य बरं जमलं म्हणून स्वतःवरच खूश झाले होते.

“मी,” ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “आणि ‘मागे काही उरले नाही’, हेही तुम्हीच?”

“हो.”

“दोन तास छातीभर पाण्यातून हे मशीन डोक्यावर घेऊन आले मी.” त्यांनी खिडकीजवळच्या जुन्या काळ्या मशीनवर हात ठेवला. “यांनी मागून धरलं होतं. शाळेत पोचले आणि खाली ठेवलं, तर तुमचा फोटोवाला म्हणाला, ते बाजूला करा, ते असलं की काही गेल्यासारखं वाटत नाही. म्हणून मी रडले. पुरासाठी नाही रडले. मला वाटलं, मशीन काढून घेताहेत. पायापासून हलूच दिलं नाही मी ते.”

अहवालराव पंधरा दिवस स्वतःच्या सत्तरीसाठी दारोदार भांडत होते. शिरस्तेदारांपासून समन्वयक मुलीपर्यंत प्रत्येकाला आपला अपमान सांगून झाला होता. इथे त्यांना काही सांगता येईना. तरीही, बहुधा गप्प बसवेना म्हणून, त्यांनी पिशवीतून स्वतःचा कागद काढून बाईंच्या हातात दिला.

बाईंनी वाचला. एकदा कागदाकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. “तुम्ही?”

“मी. त्रेचाळीस वर्षांचा होतो तेव्हा.”

“आणि आता?”

“सत्तावन्न.”

“म्हणजे त्या फोटोपर्यंत पोचायला अजून तेरा वर्षं आहेत तुम्हाला.” आणि मग मात्र त्या हसल्या. नवरा हसला. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच कुणी या गोष्टीवर हसलं आणि अहवालरावांना लागलं नाही. त्यांनी माफी मागितली. ती फार नीट जमली नाही. मोठ्या अहवालाची सवय असलेल्या माणसाला छोटी वाक्यं जड जातात.

“मग हा फोटो काढून टाकतो मी,” ते म्हणाले. “इथे सही करा.”

“काढू नका,” बाई म्हणाल्या. “मशीन दाखवा.”

मशीन दाखवा, हे सांगायला दोन शब्द. अहवालरावांच्या कपाटात त्या पुराच्या सात सीडी होत्या आणि त्या वाचेल असा संगणक कार्यालयात एकही उरला नव्हता. तसा संगणक निघाला शिरस्तेदारांकडे. जुनी वस्तू टाकणं म्हणजे पुरावा नष्ट करणं असं ते मानत, त्यामुळे त्यांच्या घरी सगळंच होतं. रविवारची अख्खी सकाळ दोघे त्या घरघरणाऱ्या डब्यासमोर बसले. सहा सीडी उघडल्याच नाहीत. सातवीत, पांघरुणांच्या दोनशे फोटोंनंतर, बाईंचा मूळ फोटो निघाला. न कापलेला. बाईंच्या पायाशी काळं मशीन, त्यावर चिखल, आणि कडेला छत्रीची दांडी धरलेली एक मूठ.

“हा कुणाचा हात?” शिरस्तेदारांनी विचारलं.

“मयताचा,” अहवालराव म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना स्वतःला हसू आलं.

मुख्यालयात फोटो ठेवण्याची सोय होती, काढण्याची सोय होती, बदलण्याची नव्हती. बदललेला फोटो म्हणजे नवीन फोटो, नवीन फोटोला नवीन मजकूर, आणि मजकुरात संस्थेचं कार्य आलंच पाहिजे. या वेळी अहवालरावांनी मजकूर लिहिला नाही. बाईंना फोन लावला आणि त्या सांगतील तसं उतरवून घेतलं: “पुरातून डोक्यावर मशीन घेऊन आले. छत्रीवरचा हात माझ्या नवऱ्याचा. मशीन अजून चालतं.”

“सर, छान आहे,” समन्वयक मुलगी म्हणाली. “पण यात आपण काय केलं?”

अहवालरावांनी पुन्हा फोन लावला. बाईंनी थोडा विचार केला. मग मजकुरात एक ओळ वाढली: “संस्थेने एक पांघरूण दिले. त्याने मशीन पुसले.”

मुलीने ती ओळ पुन्हा वाचली. “हे वरचे लोक पास करणार नाहीत, सर.”

“फोटोतल्या व्यक्तीने मंजूर केलेला मजकूर बदलता येत नाही,” अहवालराव म्हणाले. “नियम आहे. मीच लिहिलाय.”

असा नियम होता की नाही, ते त्यांना स्वतःलाही नक्की आठवत नव्हतं. मुलीने तो शोधला नाही. तिने खालमानेने बटण दाबलं आणि म्हणाली, “गेला.”

सत्तरीचे आजोबा तेरा ठिकाणांहून उतरले. चौदावं ठिकाण तेलवाल्याचं निघालं. तिथे पायरीवरच्या अहवालरावांखाली “वापरण्यापूर्वी” असं लिहिलेलं होतं, आणि शेजारी दाट केसांचा एक हसरा तरुण. त्या तेलवाल्याला कुठलाच नियम लागू होत नव्हता. बायको म्हणाली, “राहू दे. निदान तिथे बायको वाहून गेलेली नाही.” तळमजल्यावरच्या आजींनी मात्र तेल खरंच लागू पडतं का ते विचारून घेतलं.

महिनाअखेरीला यादी गेली. अठरापैकी सात जणांचा ठावठिकाणा लागला नव्हता. त्यांचे फोटो काढून टाकले. बाकीच्यांनी जे सांगितलं ते केलं. मुख्यालयातून उत्तर आलं, दोन पानी. अहवालरावांनी “वाचले” म्हणून कळवलं.

शनिवारी ते बाईंच्या दुकानात गेले. न कापलेल्या फोटोची एक मोठी प्रत त्यांनी काढून आणली होती. नवऱ्याने ती उजेडात धरून आपली मूठ नीट पाहिली, आणि मग ती खिडकीच्या वर, कुठे खिळा मारता येईल ते बघायला लागला. अहवालराव उठून जायला निघाले.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “उभे राहा असे. हात सैल सोडा.”

“कशाला?”

“या सदऱ्याचे खांदे उतरलेत तुमचे. कुणी शिवलाय?”

“तयार घेतला होता.”

“वाटलंच.” त्यांनी गळ्यातला टेप काढला. “तुम्ही घ्या हो लिहून.”

नवऱ्याने हातोडी खाली ठेवली आणि वही घेतली. बाई एकेक आकडा सांगत गेल्या. खांदा साडेसतरा. बाही चोवीस. छाती चाळीस. टेप पोटावर आला तसे अहवालराव जरा ताठ झाले आणि त्यांनी श्वास आत ओढून धरला.

“छत्तीस...” नवरा पेन टेकवत म्हणाला.

“लिहू नका अजून,” बाई म्हणाल्या. टेप त्यांनी तसाच धरून ठेवला होता, आणि त्यांना घाई नव्हती. “जे आहे तेच लिहायचं असतं. नाहीतर नंतर बसत नाही.”

अहवालरावांनी थोडा वेळ तग धरला. मग सोडला श्वास.

“बेचाळीस,” बाई म्हणाल्या, आणि नवऱ्याने ते लिहून घेतलं.